तिसऱ्या दिवसाचं रक्त

गिरिजाचा दंड मी आयुष्यात दोनदा बांधला. एकदा त्र्याण्णव साली आणि एकदा शहाण्णव साली. दोन्ही वेळा शीर लगेच सापडली, दोन्ही वेळा तिनं हूं की चूं केलं नाही. बाईचा स्वभावच तो. आपल्यामुळे कुणाची खोटी व्हायला नको, कुणाचं मन दुखायला नको. ह्याच गुणानं तिचं वाटोळं केलं असं माझं मत आहे, आणि त्या वाटोळ्याला माझाही हात लागलेला आहे. तो भाग गाळून मला हे सांगता येणार नाही.

मी नीलम. भाईंदर पश्चिमेला एका नर्सिंग होमच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. राहायला पेणकरपाड्यात, गिरिजाच्याच बिल्डिंगमध्ये. ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. बिल्डरनं नकाशात बाग दाखवली होती, मुलांना खेळायला जागा दाखवली होती आणि गच्चीवर पाण्याची टाकी. त्यातली टाकी तेवढी खरी निघाली, पण तिच्यात पाणी नसायचं. पाणी टँकरनं यायचं. खाली हॉर्न वाजला की सगळ्या बिल्डिंगच्या बायका हातातलं काम टाकून बादल्या घेऊन धावायच्या.

गिरिजाचं घर एकोणनव्वद साली लालबागची खोली विकून इथे आलं. माणसं तीन. तिचा नवरा गुणवंत, एका कंपनीत वायरमन. सासू मंदाकाकू, मूळच्या रत्नागिरीकडच्या, लवकर विधवा झालेल्या; खानावळ चालवून त्यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवलं. आणि गिरिजा, भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल पाठवायच्या चलनांवर बसणारी. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. काकू वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, गिरिजा निदान भांडली तरी असती.

काकूंचं एकच होतं, सुनेचे महिन्याचे चार दिवस त्या कडक पाळायच्या. लालबागला चाळीत सोय होती. इथे एक खोली आणि स्वयंपाकघर, मग बाहेर बसायचं कुठे? तर चार फुटी गॅलरीत. तिथे चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. माठाला हात लावायचा नाही, देवाकडे फिरकायचं नाही. टँकरच्या बादल्या मात्र त्या चार दिवसांतही गिरिजाच भरायची. काकूंचे गुडघे गेलेले होते, म्हणून टँकरच्या पाण्याला विटाळ नाही असा शोध त्यांनी लावला होता. आमच्याकडे शास्त्र असं सोयीनं वाकतं, फक्त सुनेच्या सोयीनं वाकत नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं. गिरिजा बसली की काकू त्या तारखेवर लाल पेन्सिलीनं गोल करायच्या. एक सुस्कारा सोडायच्या आणि भाजी चिरायला बसायच्या. गुणवंत कामावरून आला की त्याची नजर आधी गॅलरीत जायची. चटई दिसली की तो बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावायचा.

आता गिरिजाची चोरी सांगते. मला ती फार उशिरा कळली. पाळी आली की ती पहिल्या दिवशी सांगायचीच नाही. कारखान्यातल्या तिच्या कपाटात कापडाची घडी असायची, तिथेच सगळं उरकायची आणि घरी नेहमीसारखी वावरायची. कधी एक दिवस, बहुतेक वेळा दोन. कारण ठरलेली तारीख उलटली की घराची तऱ्हाच बदलायची. काकू तिला कॉटवर झोप म्हणायच्या, बादली हातातून काढून घ्यायच्या, गुणवंत येताना चिकू आणायचा. महिन्यातले ते दोन दिवस तिला त्या घरात माणसासारखं वागवलं जायचं, आणि ते दोन दिवस ती चोरून घ्यायची. मला तिचा राग येतो, पण ह्या चोरीसाठी मी तिला दोष देऊ शकत नाही.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर आमच्या नर्सिंग होममध्ये नवे डॉक्टर आले. तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे स्वतःला पक्कं ठाऊक असलेले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात असताना त्यांनी साडेतीनशे बायकांची माहिती जमवली होती. वय किती, पाळी किती दिवसांनी येते, तिसऱ्या दिवशीच्या रक्तात एफएसएच नावाचं हार्मोन किती, आणि पुढे मूल झालं की नाही. त्यावरून त्यांनी कॉम्प्युटरवर एक हिशेब बसवला होता. नव्या बाईचे आकडे त्यात घातले की तिच्या पोटात बीजांचा साठा किती उरला असेल त्याचा अंदाज निघायचा, दहापैकी गुणांत. भाईंदरात तेव्हा नुसता कॉम्प्युटर बघायला लोक यायचे. वर त्यातून कागद फरफर बाहेर आला की तो देवाचा कौल असल्यासारखा दोन्ही हातांनी घ्यायचे.

हिशेब खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. बाई जन्माला येते तीच बीजांची पुरचुंडी घेऊन. त्यात पुढे भर पडत नाही, नुसती खर्ची पडतात. ती कमी उरली की मेंदूला त्यांना जास्त मोठ्यानं हाक मारावी लागते. ती हाक म्हणजे हे एफएसएच. पण हाक ऐकायची तर पाळीच्या तिसऱ्या दिवशीच. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत एखादं बीज उठून बसलेलं असतं, आणि उठलेल्याला कोण हाका मारतं? आवाज आपोआप उतरतो. साठा संपत आलेल्या बाईत तर बीज आणखीच लवकर उठतं. म्हणजे रक्त दोन दिवस उशिरा काढलं तर रिकाम्या होत आलेल्या बाईचा आकडाही भरल्या घरासारखा दिसू शकतो.

हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. डॉक्टरांनाही अर्थात माहीत होतं. गिरिजाला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी आलेखबिलेख काढून सगळं समजावलं ते गुणवंतला, अर्धं इंग्रजीत, आणि ती शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगितलं ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी सकाळी या.

त्याच सुमाराला गुणवंतला मस्कतला नोकरी चालून आली. तीन वर्षांचा करार, पंधरा दिवसांत होय की नाही कळवायचं. तो सरळ माणूस. त्यानं डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं, की रिपोर्ट वाईट आला तर मी जात नाही, इथे राहून उपचार करू, आणि चांगला आला तर तीन वर्षं काढून येतो. डॉक्टर म्हणाले, अगदी योग्य विचार आहे. अशा रीतीनं गिरिजाचं सगळं पुढचं आयुष्य एका चमचाभर रक्तावर येऊन बसलं.

काकूंनी रविवारी सत्यनारायण घातला. नोकरीसाठी आणि मुलासाठी, दोन्हींसाठी एकच. भटजी आले, खालच्या मजल्यावरच्या हंसाबेननी प्रसादाला साजूक तूप पाठवलं, बिल्डिंगमधल्या बायका सकाळपासून येऊन बसल्या. आणि पूजेची साडी नेसताना गिरिजाला कळलं की पाळी आली आहे. तीन दिवस लवकर आली होती. हे लवकर येणंसुद्धा डॉक्टरांच्या हिशेबात धरायचं असतं, पण तिला ते काय ठाऊक. बाहेर गुणवंत सोवळं नेसून तयार होता. ती बाहेर आली आणि त्याच्या शेजारी पाटावर बसली. हाताला हात लावून तिनं सगळी पूजा केली, कथा ऐकली, तीर्थ दिलं, घेतलं.

सोमवारी चौरंग हलला. मंगळवारी सकाळी तिनं काकूंना सांगितलं. काकूंनी सुस्कारा सोडला आणि मंगळवारावर लाल गोल केला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता सासू-सून दोघी लॅबमध्ये आल्या. गिरिजा फिकट पिवळी साडी नेसली होती. तिसऱ्या दिवशी कुठली बाई फिकट पिवळी साडी नेसून भाईंदरपर्यंत रिक्षानं येईल? माझ्या डोळ्यांनी ते टिपलं होतं, शपथेवर सांगते.

मी दंड बांधता बांधता विचारलं, "आज कितवा?"

तिनं तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "तिसरा. मंगळवारी बसली. मी स्वतः कॅलेंडरवर गोल केलाय."

मी गिरिजाकडे बघितलं. "तिसराच ना गं?"

"आई सांगतात तोच," ती म्हणाली.

ती जमिनीकडे बघत होती. बाहेर अकरा माणसं थांबली होती. काकूंना दोन मिनिटं बाहेर पाठवणं माझ्या हातात होतं. मी ते केलं नाही. बाटलीवर चिठ्ठी लावली आणि फॉर्मवर दिवस तिसरा असं लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात.

का बोलली नाहीस, असं मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, काय बोलणार होते? विटाळात सत्यनारायणाला बसले म्हणून? आणि रक्त तेच, बाई तीच, दोन दिवसांनी त्यात असा काय फरक पडणार, असं वाटलं. कारखान्यात दोन दिवस जुन्या तारखेचं चलन चालायचं, त्यातलाच प्रकार समजली बिचारी.

रक्त मुंबईला जायचं, पाच दिवसांनी आकडा यायचा. आकडा आला सात पूर्णांक दोन. छान, निरोगी आकडा. कॉम्प्युटरमधून कागद निघाला, त्यावर दहापैकी आठ. डॉक्टर म्हणाले, घाईचं काही कारण नाही, तीन-चार वर्षं निवांत आहेत, जाऊन या मस्कतला. काकूंनी लॅबमध्ये येऊन माझ्या हातावर पेढा ठेवला. सून आठ गुणांनी पास झाली होती. मी पेढा खाल्ला.

गिरिजानं एक प्रयत्न केला. गुणवंतची बॅग भरताना ती म्हणाली, जायच्या आधी पुन्हा एकदा रक्त तपासून बघूया का. तो हसला. आठ आलेत ना, म्हणाला, मला शाळेत कधी आठ पडले नाहीत. तिनं शर्टांच्या घड्या घातल्या. नोव्हेंबरात तो गेला.

ती तीन वर्षं गिरिजानं पाळी पहिल्याच दिवशी सांगितली. नवरा मस्कतला असताना लपवायचं काय आणि कशासाठी? कॅलेंडरावरचे लाल गोल आता खरे होते आणि ते जवळजवळ येत चालले होते. पंचवीस दिवस, चोवीस, बावीस. मग एकदम चाळीस. काकू दर महिन्याला गोल करत होत्या, पण आता सुस्कारा नव्हता, म्हणून त्या मोजतही नव्हत्या. गिरिजा मोजत होती. पण आठ गुण पडलेली बाई डॉक्टरकडे जाऊन काय तक्रार करणार?

शहाण्णवच्या नोव्हेंबरात गुणवंत करार संपवून परत आला. डिसेंबरात गिरिजा लॅबमध्ये आली. ह्या वेळी एकटी आणि गर्द चॉकलेटी साडीत.

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "आज तिसरा. खरा तिसरा."

मी सुई हातातच धरून राहिले. मग तिनं मला सगळं सांगितलं, दंडाला पट्टा बांधलेला असताना. कारखान्यातलं कपाट, चोरलेले दोन दिवस, पूजेचा पाट, मंगळवारचा गोल. सांगताना ती रडली नाही. तिची बोटं निळी पडायला लागली तेव्हा मला पट्टा सोडायचं भान आलं.

आकडा आला छत्तीस. कागदावर दहापैकी एक. त्या हिशेबात शून्य देत नसत.

डॉक्टरांच्या खोलीत घरची तिघं बसली होती आणि मला जुनं रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, शंभरात चार-पाच जणींचं असं होतं, साठा अचानक ढासळतो, त्याला इलाज नाही. तेव्हा काकूंनी विचारलं, तीन वर्षांत आठाचा एक कसा होतो? सगळ्या खोलीत हा एकच शहाणा प्रश्न होता आणि तो सातवी शिकलेल्या बाईनं विचारला होता. त्याचं उत्तरही काकूंनी स्वतःच शोधलं. म्हणाल्या, कारखान्यात भांड्यांना पॉलिश करतात त्या धुरानं हिचं पोट जाळलं, मी कधीची नोकरी सोड म्हणत होते.

गिरिजानं माझ्याकडे बघितलं. रजिस्टर माझ्या हातात उघडं होतं. दिवस तिसरा, माझं अक्षर. आम्हा दोघींपैकी एकीनं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. तिला देवाची आणि सासूची भीती, मला नोकरीची. मी रजिस्टर मिटलं आणि त्या महिन्यात गिरिजानं नोकरी सोडली.

नंतर मी तिला म्हटलं, निदान नवऱ्याला तरी सांग. ती म्हणाली, सांगून काय होणार, त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. त्र्याण्णव साली खरा आकडा आला असता तर मूल झालंच असतं असं मी म्हणत नाही. पण तेव्हा दार किलकिलं तरी होतं, नवरा इथे होता आणि वय तेहतीस होतं. प्रयत्न करून हरणं वेगळं. हिला तर खेळायलाच मिळालं नाही.

मी मग धीर करून एकटी डॉक्टरांकडे गेले आणि रक्त पाचव्या दिवसाचं होतं, हे सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते लाल झाले. मग कॉम्प्युटरकडे वळले, गिरिजाची ओळ शोधली आणि पुसून टाकली.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "ह्या एका केसमुळे माझा सगळा हिशेब बिघडत होता."

मी विचारलं, तुम्ही तिच्या नवऱ्याला सांगणार का. ते म्हणाले, आता सांगून काय उपयोग. गिरिजाचंच वाक्य, फक्त ह्यांच्या तोंडी ते मला जास्त झोंबलं. तरी मी दुसऱ्या दिवशी त्याच लॅबमध्ये कामाला गेले.

गुणवंतनं फेब्रुवारीपर्यंत कळ काढली. मग मस्कतच्या कंपनीला पत्र टाकलं आणि पुन्हा तीन वर्षांसाठी गेला. इथे थांबून करू काय, असं तो मला जिन्यात म्हणाला. मला त्याचीही कीव आली.

मार्चमध्ये कॅलेंडरावर गोल झाला नाही. एप्रिलमध्येही नाही. मग एक दिवस काकूंनी गिरिजाच्या हातातून बादली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉटवर तिची गादी घातली. टँकर आला की स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले उतरून अर्धी अर्धी बादली वर आणायला लागल्या. डॉक्टर काही म्हणोत, देवाच्या मनात असलं तर, असं त्या हंसाबेनना सांगत होत्या. मे महिन्यात त्यांनी डिंकाचे लाडू करायला घेतले.

गिरिजा माझ्याकडे वर आली. मी लॅबमधून तपासणीची पट्टी आणली होती. उत्तर आम्हा दोघींना ठाऊक होतं, तरी दोघी पाच मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसलो. दुसरी रेघ उमटली नाही. सदतिसाव्या वर्षी तिची पाळी गेली होती.

"अजून आठ दिवस गप्प बसू?" तिनं विचारलं. "चांगलं वागतात गं त्या."

माझा संताप झाला. तिच्यावर, काकूंवर, स्वतःवर, कुणाकुणावर म्हणून सांगू. मी तिचा हात धरला आणि तिला तशीच खाली घेऊन गेले. एकदा लॅबमध्ये काकूंना बाहेर काढायला हवं होतं ते काढलं नाही, निदान आता तरी मी तिथे उभी राहणार होते.

काकू परातीत डिंक फुलवून ठेवत होत्या. गिरिजा त्यांच्यासमोर बसली.

"आई, दिवस नाहीत मला. पाळी गेलीय. आता येणार नाही कधी."

मला वाटलं आता ती पुढचंही सांगेल, पूजेचं, मंगळवारचं. ती तिथेच थांबली. काकूंनी दारामागच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग परातीकडे. बराच वेळ त्या डिंकाचे दाणे बोटानं एका बाजूला सारत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी मनगटानं पुसले.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझा विटाळ संपला. यंदापासून गौरीचं सोवळ्यातलं सगळं तूच कर. माझ्यानं आता उभं राहवत नाही."

"हो, आई," गिरिजा म्हणाली.

खाली टँकरचा हॉर्न वाजला. काकू हलल्या नाहीत. गिरिजा उठली, मोरीतल्या दोन्ही बादल्या उचलल्या आणि खाली पाण्याला गेली.